एकाच नावाखालचे अनेक वाण

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने मला एका तपासणी अहवालाचे छायाचित्र पाठवले. ती एकोणीस वर्षांची आहे आणि गेली तीन वर्षे तिच्या गालांवर व हनुवटीवर मुरूम येतात, बसतात आणि पुन्हा येतात. औषधांचा गुण येत नाही म्हणून एका डॉक्टरांनी मुरुमातला पू कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी, पाठवला होता आणि अहवालात एकच ओळ छापून आली होती: 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या जिवाणूची वाढ आढळली.' त्याखाली तिने लिहिले होते, "मावशी, हा जंतू माझ्या चेहऱ्यावरून कायमचा कसा घालवायचा ते सांग."

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे साहजिक होते; पण त्याचे उत्तर फोनवरच्या दोन ओळींत मावणारे नव्हते. अहवाल खोटा नव्हता. अडचण ही होती की नमुना माझ्या कपाळावरून घेतला असता तरी हीच ओळ छापून आली असती, आणि जन्मात कधी मुरूम न आलेल्या तिच्या वडिलांच्या नाकावरून घेतला असता तरीही. वयात आलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यावर, छातीवर आणि पाठीवर हा जिवाणू असतोच. त्यामुळे 'तो आढळला' एवढ्याने तिच्या मुरुमांबद्दल काहीच कळत नाही. त्याच्या अनेक प्रकारांतला कोणता आढळला, हे विचारायला हवे, आणि नेमके तेच त्या अहवालात नव्हते.

इंग्रजीत ज्याला स्ट्रेन म्हणतात त्याला मी वर्गात 'वाण' म्हणते, कारण शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलांना ते लगेच समजते. बियाण्याच्या दुकानात जाऊन कोणी नुसती 'ज्वारी द्या' असे म्हणत नाही. मालदांडी हवी की आणखी कोणती, रब्बीसाठी हवी की खरिपासाठी, हे आधी सांगावे लागते, कारण पीक एकच असले तरी वाण बदलला की कणीस बदलते, कडबा बदलतो आणि पाण्याचा ताण सोसण्याची ताकदही बदलते. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे नाव 'ज्वारी' या शब्दासारखे आहे. त्याच्याखाली अनेक वाण एकत्र बांधलेले आहेत, आणि ते सुटे करायला शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली.

हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवताना धीर धरावा लागतो. ब्लड अगारच्या, म्हणजे रक्त मिसळलेल्या घट्ट खाद्याच्या, प्लेटवर नमुना तारेच्या कडीने (लूपने) ओढायचा, प्राणवायू शोषून घेणाऱ्या पाकिटासह प्लेट हवाबंद जारमध्ये ठेवायची आणि ३७ अंश सेल्सिअसला इनक्युबेटरमध्ये सोडून द्यायची. स्टॅफिलोकोकस हा त्वचेवरचाच दुसरा जिवाणू दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांना दिसतो. याला चार-पाच दिवस, कधी आठवडा आणि कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. सातव्या दिवशी जार उघडला की आंबूस वास येतो आणि प्लेटवर टाचणीच्या डोक्याहून लहान, गोल, किंचित फुगीर, मलईच्या रंगाच्या कॉलनी, म्हणजे जिवाणूंच्या वसाहती, दिसतात. त्यांतल्या काहींभोवती रक्त विरघळून फिकट कडे पडलेले असते, काहींभोवती ते नसते. ग्राम स्टेन करून, म्हणजे जिवाणूंना रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की जांभळ्या, वेड्यावाकड्या काड्या दिसतात. काही आखूड, काही एका टोकाला गदेसारख्या फुगलेल्या, तर काही दोऱ्यासारख्या लांब. विद्यार्थिदशेत मी जर्नलमध्ये 'आकारात अनियमितता आढळते' असे लिहून पान उलटले होते. कडे असणे आणि नसणे, काडी आखूड असणे आणि लांब असणे, यातच वाणांचा माग दडलेला आहे, हे मला कितीतरी वर्षांनी समजले.

त्याचे खरे घर म्हणजे आपले रोमकूप. केस जिथून उगवतो त्या नळीला लागून तैलग्रंथी असते आणि तिच्यातून पाझरणारे तेल हेच या जिवाणूचे अन्न. वयात येताना या ग्रंथी जोमाने काम करू लागतात आणि त्याच सुमारास त्वचेवर त्याची संख्या झपाट्याने वाढते. लायपेझ नावाच्या विकराने तो तेलातील मेद फोडतो, त्यातून सुटी मेदाम्ले तयार होतात, प्रोपिऑनिक आम्लही तयार होते, आणि त्वचा जी किंचित आम्लधर्मी राहते त्यात त्याचा वाटा असतो. या आम्लतेमुळे काही उपद्रवी जंतूंना पाय रोवणे अवघड जाते. म्हणजे ज्याला माझी भाची घालवायला निघाली होती, तो तिच्या चेहऱ्याचा राखणदारही आहे.

मग त्याच्या नावातच मुरूम कसे आले? हँबर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेरसोन उना यांनी १८९६ साली मुरुमाच्या आत जंतू पाहिले आणि १९०० साली अमेरिकेत गिलख्रिस्ट यांनी त्याला बॅसिलस ॲक्नेस असे नाव दिले. जिथे सापडला तिथला आरोपी ठरला. पुढे आकार पाहून त्याची रवानगी घटसर्पाच्या जंतूच्या कुळात, कोरिनेबॅक्टेरियममध्ये झाली. तो प्राणवायूविना वाढतो आणि प्रोपिऑनिक आम्ल तयार करतो हे लक्षात घेऊन १९४६ मध्ये डग्लस आणि गुंटर यांनी त्याला प्रोपिओनिबॅक्टेरियममध्ये आणले. या कुळातली काही भावंडे दुग्धव्यवसायातली आहेत. स्विस चीजला जी मोठी भोके पडतात ती याच कुळातल्या एका जिवाणूने सोडलेल्या वायूमुळे. त्वचेवरचा आणि चीजमधला जिवाणू सत्तर वर्षे एका नावाखाली नांदले आणि २०१६ मध्ये शोल्झ व किलियन यांनी संपूर्ण जनुकसंचांची तुलना करून त्वचेवरच्या भावंडांचे वेगळे कूळ केले. लॅटिनमध्ये त्वचेला क्युटिस म्हणतात, त्यावरून क्युटिबॅक्टेरियम. कुळाचे नाव इतक्या वेळा बदलले, पण 'ॲक्नेस' हा शिक्का मात्र कायम राहिला, आणि माझ्या मते या एका शब्दाने विचारांचे बरेच नुकसान केले आहे. नावातच गुन्हा लिहिलेला असला की निर्दोष वाणांचा शोध घ्यावासा कोणाला वाटत नाही.

वाण सुटे करण्याची सुरुवात १९७२ मध्ये झाली. जॉन्सन आणि कमिन्स यांनी पेशीभित्तिकेतील शर्करा तपासल्या तेव्हा दोन गट पडले: एकात गॅलॅक्टोज होते, दुसऱ्यात नव्हते. त्यांना प्रकार एक आणि प्रकार दोन म्हटले गेले आणि पुढची तीस वर्षे गोष्ट साधारण तिथेच थांबली. पुढचे पाऊल बेलफास्टमध्ये पडले आणि मुरुमांच्या नव्हे, तर हाडांच्या निमित्ताने पडले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तिथल्या क्वीन्स विद्यापीठात शीला पॅट्रिक आणि त्यांचे सहकारी शस्त्रक्रियेत काढलेले खुब्याचे कृत्रिम सांधे तपासत होते आणि त्यांवर हाच जिवाणू सापडत होता. हा त्वचेवरून चुकून आला की सांध्यात राहून त्रास देत होता, हे ठरवायचे तर वाण ओळखणे भाग होते. ॲंड्र्यू मॅकडॉवेल आणि त्यांच्या चमूने २००५ मध्ये दोन जनुकांच्या क्रमांवरून दाखवून दिले की प्रकार एकच्या पोटात आणखी दोन स्पष्ट शाखा आहेत, एक-ए आणि एक-बी. २००८ मध्ये त्यांनी लांब दोऱ्यांसारखा वाढणारा प्रकार तीन वेगळा काढला. माझ्या जर्नलमधल्या 'अनियमित' लांब काड्यांना तेव्हा कुठे नाव मिळाले.

त्यानंतर एक-एचेही तुकडे पडले, एक-सी आला, आणि आज साधारण सहा मुख्य शाखा मानल्या जातात. या काळातल्या एका गोष्टीचा विद्यार्थ्यांना अजून त्रास होतो, म्हणून लिहिते. डेन्मार्कमधील ऑर्हस येथील गटाने नऊ जनुकांची वर्गीकरण पद्धत तयार केली आणि बेलफास्टच्या परंपरेतल्या गटाने आठ जनुकांची. दोन्ही चोख आहेत, पण त्यांचे क्रमांक जुळत नाहीत. एका पद्धतीतला समूह दुसरीत वेगळ्याच क्रमांकाने ओळखला जातो. अमेरिकेत तिसरीच पद्धत रूढ झाली, जिच्यात रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या, एका जनुकातील बारीक फरकांवरून रायबोटाइप ठरतात. एखाद्याने तीन शोधनिबंध शेजारी ठेवून वाचले तर तीन वेगळ्या जिवाणूंबद्दल वाचतो आहोत असे वाटेल. २०१४ मध्ये एकाच लहानशा जनुकस्थानाचा सुमारे पाचशे अक्षरांचा क्रम वाचून ए ते एल अशी अक्षरे देणारी सोपी पद्धत आली आणि गुंता बराच सुटला. या पद्धतीचा मोठा फायदा असा की कल्चर न करता थेट त्वचेच्या नमुन्यावरूनही कोणते वाण किती प्रमाणात आहेत ते कळते.

मुरुमांच्या बाबतीत डोळे उघडणारे काम २०१३ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात हुईइंग ली यांच्या गटाने प्रसिद्ध केले. त्यांनी मुरूम असलेले ४९ आणि नसलेले ५२ लोक घेतले आणि नाकावर चिकटवायच्या पट्ट्यांनी त्यांच्या रोमकूपांतला ऐवज काढला. ब्लॅकहेड्स काढण्यासाठी मुली वापरतात तशाच त्या पट्ट्या. पहिला निष्कर्ष असा की दोन्ही गटांत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेसचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. ज्यांना मुरूम आहेत त्यांच्याकडे जंतू जास्त, हे आपण इतकी वर्षे गृहीत धरलेले समीकरण तिथेच डळमळले. दुसरा निष्कर्ष त्याहून महत्त्वाचा होता: प्रमाण सारखे असले तरी वाणांची सरमिसळ वेगळी होती. चौथा आणि पाचवा रायबोटाइप मुख्यतः मुरूम असलेल्यांकडे सापडले, सहावा मुख्यतः निरोगी त्वचेवर, आणि पहिला दोन्हीकडे.

हा चौथा आणि पाचवा वाण काय घेऊन फिरतो, तेही त्यांनी पाहिले. त्यांच्याकडे एक जादा डीएनएचा तुकडा, म्हणजे प्लाझ्मिड असतो, आणि त्यावर पृष्ठभागाला घट्ट चिकटण्याशी संबंधित समजल्या जाणाऱ्या जनुकांचा संच असतो. निरोगी त्वचेवरचा सहावा वाण प्रकार दोनमधला आहे आणि त्याच्याकडे क्रिस्पर ही परक्या डीएनएचे तुकडे करणारी यंत्रणा असते. बाहेरून येणारे विषाणू आणि प्लाझ्मिड ती अडवू शकते. प्रकार दोनला २०१६ मध्ये स्वतंत्र उपजातीचा दर्जा मिळाला आणि नाव मिळाले डिफेन्डेन्स, म्हणजे रक्षण करणारी. ॲक्नेस हा शिक्का असलेल्या प्रजातीत एका उपजातीच्या नावावर 'रक्षण' लिहिले गेले, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

वाणांमधला आणखी एक फरक अंधारात डोळ्यांना दिसतो. हा जिवाणू पोर्फिरिन नावाची रंगद्रव्ये तयार करतो आणि ती वुड्स लॅम्पच्या निळसर-जांभळ्या प्रकाशात नारिंगी-लाल चमकतात. पोर्फिरिनमुळे त्वचेत दाह वाढतो. मुरुमांशी निगडित प्रकार एकचे वाण ती भरपूर तयार करतात, तर प्रकार दोनमध्ये हे उत्पादन दाबून ठेवणारे एक जनुक आढळते. ब-१२ जीवनसत्त्वाचाही याच्याशी संबंध आहे: हे जीवनसत्त्व शरीरात भरपूर झाले की जिवाणूला स्वतःचे ब-१२ तयार करण्याची गरज उरत नाही, आणि तोच कच्चा माल पोर्फिरिनकडे वळतो, असे २०१५ मध्ये ली यांच्याच गटाने मांडले. आपल्याकडे शाकाहारी घरांत ब-१२ ची इंजेक्शने आणि गोळ्या सर्रास घेतल्या जातात. कमतरता असेल तर त्या घ्यायलाच हव्यात, पण कोर्स सुरू केल्यावर अचानक मुरूम उठले तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण हा संबंध त्यांना ठाऊक असतो आणि रुग्णाला मात्र सुचत नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की वाईट वाण ओळखला म्हणजे प्रश्न मिटला. तसे नाही. एक-ए शाखेचे वाण निरोगी चेहऱ्यांवरही असतात. फ्रान्समध्ये झालेल्या अभ्यासांत तीव्र मुरुमांच्या रुग्णांमध्ये वेगळेच चित्र दिसले: एकूण संख्या वाढलेली नव्हती, पण वाणांची विविधता कमी होऊन एक-ए शाखेचे वर्चस्व वाढले होते. शेतात पाच वाणांची मिसळ जाऊन एकच वाण उरला की कीड पसरते, तसे काहीसे. अमुक वाणामुळेच मुरूम येतात असे म्हणण्यापेक्षा, इतर वाणांचा समतोल गेल्यावर तो दाह पेटवतो, असे म्हणणे मला अधिक बरोबर वाटते. त्याला हार्मोन, आनुवंशिकता आणि रोमकूपाचे तोंड बंद होणे यांची साथ लागते.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या टॅमी लीबरमन यांच्या गटाने २०२२ मध्ये जे दाखवले ते मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ आरशासमोर उभी राहिले होते. त्यांनी एकेका रोमकूपातला ऐवज स्वतंत्रपणे काढला, त्यातून शेकडो कॉलनी वाढवल्या आणि प्रत्येकीचा जनुकसंच वाचला. संपूर्ण चेहऱ्यावर अनेक वाण एकत्र नांदत होते, पण एका रोमकूपात पाहावे तर जवळजवळ सगळी प्रजा एकाच मूळ पेशीची संतती होती. म्हणजे ज्या पेशीला आधी आत शिरायला मिळाले तिने ते घर आपले केले आणि नंतर आलेल्यांना जागा उरली नाही. शेजारच्या, मिलिमीटरभर अंतरावरच्या रोमकूपात दुसरेच घराणे असू शकते. वाण एकमेकांना संपवून टाकत नाहीत, कारण ते एकमेकांच्या घरात शिरतच नाहीत. नाकाच्या शेंड्यावरचे ते बारीक काळे ठिपके मला त्या दिवशी एकेका बंद वाड्यासारखे वाटले.

आता त्या आजाराबद्दल लिहिते, ज्याच्यासाठी खरे तर हे वर्गीकरण आपल्या लोकांना समजायला हवे. आमच्या इमारतीतल्या एका तरुण मुलीच्या पाठीवर आणि पोटावर फिकट, गोलसर डाग उठले होते. खाज नाही, आग नाही, पापुद्रे नाहीत, नुसता रंग उतरलेला. घरातल्या मोठ्यांनी आधी शिबे म्हणून बुरशीवरचे मलम लावले, मग आणखी एक लावले. महिने गेले, डाग हलले नाहीत, आणि मग घरात तो शब्द कुजबुजला जाऊ लागला, ज्याने आपल्याकडे मुलीच्या आईची झोप उडते: कोड. लग्नाचे वय जवळ आलेले, त्यामुळे तिची आई रडत माझ्याकडे आली. मी काही डॉक्टर नाही. मी एवढेच केले की तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन गेले.

त्यांनी खोलीतले दिवे बंद केले, पडदा ओढला आणि तिच्या पाठीवर वुड्स लॅम्प धरला. कोड असते तर डाग खडूसारखे पांढरे, लखलखीत उठून दिसले असते. इथे फिकट डागांच्या आत लालसर-नारिंगी ठिपके चमकत होते, अगदी रांगोळीच्या ठिपक्यांसारखे, प्रत्येक ठिपका एका रोमकूपावर. डागाबाहेरच्या त्वचेवर ते नव्हते. डॉक्टर म्हणाले, "हे कोड नाही, काकू. प्रोग्रेसिव्ह मॅक्युलर हायपोमेलॅनोसिस म्हणतात याला. जंतूंचे काम आहे आणि बरे होण्यासारखे आहे."

या आजारावर नेदरलँड्समधील वेस्टरहोफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लिहिले होते की डागांत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, म्हणजे तेव्हाच्या नावाने प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस, भरपूर असतो आणि शेजारच्या निरोगी त्वचेत फारसा नसतो. पण या मुलीसारख्या अनेक रुग्णांच्या चेहऱ्यावर एकही मुरूम नसतो, आणि मुरुमांनी भरलेल्या चेहऱ्यांच्या लोकांना असे डाग नसतात. एकच जिवाणू दोन इतके वेगळे आजार कसे करतो, हे कोडे दहा वर्षे तसेच राहिले. २०१५ आणि २०१६ मधल्या अभ्यासांनी ते सोडवले: डागांत सापडतो तो प्रामुख्याने प्रकार तीन, तोच लांब दोऱ्यांसारखा वाढणारा, ज्याला आता इलाँगॅटम ही उपजात मानतात. चेहऱ्यावर तो सहसा आढळत नाही, त्याला धड आवडते. नाव एकच ठेवले असते तर हे कोडे कधीच सुटले नसते. आजार सावळ्या आणि गडद त्वचेवर अधिक ठळकपणे दिसतो, तरुण वयात अधिक आढळतो, आणि म्हणूनच आपल्याकडे त्याची शिबे किंवा कोड यांच्याशी गल्लत होते. बुरशीवरच्या औषधाचा त्यावर उपयोग नसतो, स्टेरॉइडचाही फारसा नसतो. बेंझॉइल पेरॉक्साइड, जिवाणूविरोधी मलम आणि प्रकाशोपचार यांनी रंग परत येऊ शकतो, पण वेळ लागतो आणि काहींना डाग पुन्हाही उठतात. त्या मुलीचा रंग चार-पाच महिन्यांत बराच भरून आला. तिची आई अजूनही प्रत्येक भेटीत तो अंधाऱ्या खोलीतला लाल ठिपक्यांचा प्रसंग सांगते.

त्वचेखाली खोल जाणारे आजार याहून निराळे. खांद्याच्या कृत्रिम सांध्यात होणाऱ्या संसर्गात हा जिवाणू आघाडीवर असतो, कारण खांद्याच्या त्वचेत तैलग्रंथी दाट असतात आणि शस्त्रक्रियेपूर्वी वरून लावलेले जंतुनाशक त्यांच्या तळाशी पोहोचत नाही. अशा खोल संसर्गांत एक-बी आणि प्रकार दोन हे वाण त्यांच्या त्वचेवरच्या वाट्याच्या मानाने जास्त दिसतात, म्हणजे चेहऱ्यावर सौम्य वागणारा वाण धातूवर सौम्य असेलच असे नाही. 'चांगला वाण' आणि 'वाईट वाण' या शब्दांची मला म्हणूनच धास्ती वाटते.

यासंबंधीची एक गोष्ट माझ्या मनाला अजून लागून आहे. फार वर्षांपूर्वी मी एका निदान प्रयोगशाळेत काम करत होते. तिथे सांध्यातील द्रवाचे नमुने आले की ४८ तासांनी प्लेट पाहायची, काही दिसले नाही की 'वाढ नाही' असे लिहून प्लेट टाकून द्यायची, अशी पद्धत होती. क्वचित कुठे ही बारीक कॉलनी उगवलीच तर तिला 'त्वचेवरील भेसळ' म्हणायचे. एका गृहस्थांचे नमुने तीन वेळा आले, तिन्ही वेळा मी सही केली, आणि त्यांचा खांदा दुखतच राहिला. आज अशा नमुन्यांसाठी प्लेट दहा ते चौदा दिवस ठेवण्याची शिफारस आहे, एकाच शस्त्रक्रियेत ऊतींचे पाच-सहा वेगवेगळे तुकडे घेतले जातात, आणि त्यांतल्या दोन किंवा अधिक तुकड्यांत हाच जिवाणू उगवला तर त्याकडे गांभीर्याने पाहिले जाते. त्यातही वाण ओळखता आला तर निर्णय सोपा होतो: तीन तुकड्यांत एकच वाण निघाला तर तो तिथे मुक्कामाला आहे अशी शंका बळावते, आणि प्रत्येक तुकड्यात वेगळा निघाला तर हाताळताना त्वचेवरून आला असण्याची शक्यता वाढते. त्या गृहस्थांच्या तिन्ही प्लेट मी ४८ तासांनी टाकून दिल्या होत्या. त्यांच्यावर काय उगवले असते हे आता कधीच कळणार नाही.

जपानमध्ये सारकॉइडोसिस या फुप्फुसे आणि लसिकाग्रंथींच्या आजारातही याच जिवाणूचे अवशेष पेशींच्या आत सापडले आहेत आणि टोकियोतील एइशी यांच्या गटाने त्यावर दीर्घकाळ काम केले आहे. पण तो कारण आहे की साक्षीदार, यावर अजून एकमत नाही, म्हणून त्यात मी अधिक शिरत नाही.

औषधांबद्दल मात्र स्पष्ट लिहायलाच हवे. मुरुमांशी निगडित त्या चौथ्या आणि पाचव्या रायबोटाइपमध्ये टेट्रासायक्लिन आणि एरिथ्रोमायसिन गटातील औषधांना दाद न देणारे जनुकीय बदल आढळले आहेत. म्हणजे प्रतिजैविकांच्या माऱ्यात जे वाण टिकतात, त्यांत आपल्याला नको असलेले वाण आहेत, आणि मरतात त्यांत राखणदारही असतात. आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात क्लिंडामायसिनचे जेल चिठ्ठीशिवाय मागितले जाते आणि मिळतेही. मैत्रिणीला गुण आला म्हणून दुसरी मैत्रीण लावते, महिनोन्महिने लावते. असे एकटे प्रतिजैविक दीर्घकाळ लावू नये, सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड असावे, असे मुरुमांच्या उपचारांचे मार्गदर्शक नियम सांगतात, कारण बेंझॉइल पेरॉक्साइड प्राणवायू सोडून जिवाणू मारते आणि त्याला प्रतिकार करणारा वाण तयार झाल्याचे आढळलेले नाही. अर्थात तेही वाण पाहून मारत नाही. फक्त नको त्या वाणाला निवडून टिपणारी औषधे, त्या वाणावरच वाढणारे जिवाणुभक्षक विषाणू किंवा सौम्य वाणांची त्वचेवर पुन्हा लागवड, यांवर काम सुरू आहे, पण दवाखान्यात रोज वापरावे असे त्यातले अजून काही हाती आलेले नाही.

भाचीला मी शेवटी सविस्तर लिहिले. तिला सांगितले की तुझ्या अहवालातली ओळ बरोबर आहे आणि ती घाबरण्यासारखी नाही. दिवसातून पाच वेळा खरखरीत साबणाने तोंड धुऊन तू या जिवाणूला घालवू शकणार नाहीस, घालवूही नयेस. त्याने त्वचेची राखणच कमी होईल. वाण ओळखणारी तपासणी आज नेहमीच्या दवाखान्यात होत नाही आणि तुझ्या उपचारांसाठी तिची गरजही नाही. रोमकूपाचे तोंड मोकळे ठेवणारे रेटिनॉइड आणि बेंझॉइल पेरॉक्साइड तुझ्या डॉक्टरांनी दिले आहे, ते किमान तीन महिने न चुकता लाव, आणि कपाटातले ते जुने क्लिंडामायसिनचे जेल मनाने लावणे थांबव.

तिचे उत्तर रात्री आले. "म्हणजे नाकावरच्या प्रत्येक छिद्रात वेगळे कुटुंब राहते? मग माझ्या हनुवटीवर कोण राहते ते कळेल का कधी?" पुढच्या सुट्टीत ती माझ्याकडे येणार आहे. मी तिला प्लेट ओढायला शिकवणार आहे. जार बंद केल्यावर सात दिवस थांबायला लागेल, हे आताच सांगून ठेवले आहे.